माझ्या नावाची बंदी

“नोंद घ्यावी.” कुठलंही बोलणं संपवताना हा माणूस एवढं म्हणायचाच. चहा सांगितला तरी, “साखर कमी, नोंद घ्यावी.” बायकोनं आतून हाक मारली तरी, “आलो, नोंद घ्यावी.” एकदा दाढ काढायला गेला, तर खुर्चीत आ वासून बोट दाखवत म्हणाला, “ही न्हवं, पलीकडची. नोंद घ्यावी.” डॉक्टरांनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि आधी पोटभर हसून घेतलं.

त्याचा धंदाच तसा होता. रिक्षावर दोन कर्णे बांधून तो मलकापूर, कराड आणि आसपासच्या गावांतून पुकारत फिरायचा. नळाला पाणी येणार नाही, रक्तदान शिबिर आहे, साड्यांचा सेल लागलाय, अमक्या आळीतल्या तमक्यांचं निधन झालंय, सगळं आम्हाला त्याच्या तोंडून कळायचं. तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याचा आवाज तुम्ही हजारात ओळखाल, पण चेहरा समोर आला तर ओळखणार नाही. मी चेहराही ओळखत होतो. फार जवळून ओळखतो असं मला वाटायचं, तिथंच माझं चुकलं.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळ्या प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. रोज सकाळी नऊला त्याची रिक्षा दारात लागायची. मी त्याचा मजकूर लिहून द्यायचो. “गड्या, तू लिव्ह, मी बोलतो,” हा आमचा करार. त्याला पाठकोरे कागद लागायचे आणि ते माझ्या रद्दीच्या खोक्यात भरपूर असायचे. त्याचं असं की, आमच्या मशीनची सकाळची पहिली प्रत कायम डागाळलेली येते. गिऱ्हाइकाचा कागद कशाला वाया घालवायचा, म्हणून मी रोज माझंच आधारकार्ड टाकून त्याच्या दोन्ही बाजू एकाच पानावर काढून बघायचो आणि खोक्यात फेकायचो. केवढा शहाणपणा! तोच कागद हा उचलायचा. एका बाजूला कुणाची तरी निधनवार्ता आणि उलटा केला की मी. यावर आम्ही दोघं कितीदा हसलो असू.

पत्त्यांचा नाद त्याला कधी लागला ते मला नक्की सांगता येणार नाही. हायवेच्या पलीकडं एका हॉटेलमागं क्लब होता, तिथं दुपारची त्याची रिक्षा उभी दिसायला लागली. पहिल्यांदा एखादा तास, मग दिवस मावळेपर्यंत. एकदा ‘उद्या पाणी येणार नाही’ हे पुकारायचं सोडून तो डावात बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या मलकापुरानं कोरड्या नळाखाली हंडे लावले. बायका रिक्षा अडवून त्याला काय काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्या बायकांत नव्हत्या. त्यांचं माहेर कवठे महांकाळचं. बोलणं कमी आणि बोलल्या तर एकदाच. त्यांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, “आता एक डाव जरी खेळलासा, तर पोरीला घिऊन मी कवठ्याला जाईन. न्यायला येऊ नगासा. मी येनार न्हाई.” पोरगी तेव्हा नववीत होती. तो खाली बघून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. वहिनी बोलल्या म्हणजे करणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो वेगळाच. म्हणाला, “गड्या, लिव्ह. आज माझंच पुकारायचं.”

“तुझं काय पुकारायचं?”

“मला कुनी डावात घ्यायचं न्हाई म्हनून. माझ्यानं उठवत न्हाई तिथनं. लोकांनीच बसू दिलं न्हाई तर?”

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला. स्वतःची लाज स्वतः कर्ण्यातून सांगायला निघालेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी चांगल्यातला कागद काढला आणि लिहिलं : ‘तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, खाली नाव दिलेल्या इसमास आजपासून कोणीही पत्त्याच्या डावात बसवू नये. बसविल्यास होणाऱ्या परिणामास बसविणारा जबाबदार राहील.’ खाली त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

घोटाळा पुढं झाला. स्वतःचं नाव कर्ण्यातून घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. माइक हातात धरला, आवाज भरून आला, आणि सवयीनं तोंडातून निघालं, “कळविण्यास अत्यंत दुःख होते की...” मागं लावलेली सनईही निधनवार्तेचीच, रडकी. पुढचं त्यानं बरोबर वाचलं, पण पुढचं ऐकतो कोण? दुःख ऐकलं, नाव ऐकलं, लोकांनी कपाळाला हात लावला. कुणीतरी कवठ्याला फोन केला. दुपारी तीन वाजता त्याचा मेहुणा जीपभर माणसं घेऊन दारात उतरला, हातात शेवंतीचा हा एवढा हार. दार उघडलं तर हा ताटावर बसून भाकरी मोडतोय. मेहुणा आधी रडला, मग त्यानं त्याला मिठी मारली आणि मग ज्या शिव्या दिल्या त्या आळीनं ऐकल्या. हार वाया कशाला घालवायचा, म्हणून वहिनींनी तो देवाच्या फोटोला घातला.

हसू झालं, पण बंदी लागू पडली. क्लबात तो एकदा डोकावला, तर मालकानं दारातूनच हात जोडले. “बाबा, तुला बसवलं तर उद्या माझंबी नाव पुकारशील. जा घरला.” पारावर तीन पानी खेळणारी पोरंसुद्धा तो आला की पत्ते गोळा करून बुडाखाली घालायची. गावानं त्याचं म्हणणं पाळलं. असं गाव मिळायला नशीब लागतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

पाच-सहा महिन्यांनी वहिनी त्याचा मोबाइल घेऊन माझ्या दुकानात आल्या आणि काउंटरवर ठेवला. “भावजी, हे बघा काय हाय.” रमीचं ॲप होतं. गावानं दारं लावली, तर याला खिशातच क्लब सापडला होता. मागोमाग तोही आला. तोंड उतरलेलं. वहिनी म्हणाल्या, “मी बॅग भरल्याली हाय. भावजी, तुमीच सांगा, जाऊ का ऱ्हाऊ?”

मी ॲप उघडून बघितलं. त्यात एक सोय होती. स्वतःला खेळापासून वगळायची. आपणच अर्ज करायचा, की मला आत घेऊ नका. एक महिना, सहा महिने, नाहीतर कायमचं. एकदा आधारकार्डावर बंदी बसली की नंबर बदला, मोबाइल बदला, त्या कार्डावर परत आत घेत नाहीत. मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “कायमचं दाब.” मी म्हटलं, “तूच दाब.” त्यानं दाबलं. आमच्या तिघांसमोर दाबलं. मग मोबाइल मला देऊन टाकला आणि साधा, बटणांचा घेतला.

आणि मी काय केलं? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, “वहिनी, बॅग रिकामी करा. हा परत खेळला तर मला विचारा. ह्याची जबाबदारी माझी.” कुणी सांगितलं होतं बोलायला? पण बोललो. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि घरी गेल्या.

त्यानंतर साधारण महिन्याभरातली गोष्ट. मी मशीन उघडून बसलेलो, कोपरापर्यंत टोनरनं काळा. तो नेहमीसारखा स्टुलावर. म्हणाला, “गड्या, स्पीकरच्या परवानगीचा फॉर्म भरायचाय. माझ्या बटनाच्या फोनवर जमत न्हाई, तुझ्या कॉम्प्युटरवर उघडलाय. तुझा नंबर टाकलाय, ओटीपी येईल तुला.” माझे हात काळे. मी म्हटलं, “तिथं पडलाय फोन, बघून घे.” त्यानं बघून घेतला. दिवसातून वीस गिऱ्हाइकांना मी सांगतो, ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका. भावाला नाहीच सांगितला मी. ह्याला सांगितला.

पुढचे आठ-दहा महिने चांगले गेले. सकाळी नऊला रिक्षा, मजकूर, चहा. वहिनी संक्रांतीला आमच्या घरी आल्या, आमच्या हिला म्हणाल्या, “भावजींमुळं माझं घर ऱ्हायलं.” मी आतल्या खोलीत ऐकत होतो आणि फुगत होतो. जूनमध्ये पोरगी दहावीला गेली.

मग दिवाळीच्या आधी आमच्या घरी कुरिअर आलं. मी दुकानात. हिनं खोकं उघडलं. आत सुका मेवा, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि पत्र. माझं नाव, माझा पत्ता, आणि खाली छापलेलं : आमच्या लाडक्या खेळाडूस दीपावलीच्या शुभेच्छा. या वर्षी आपण आमच्यासोबत सर्वाधिक वेळ खेळलात. घड्याळावरही त्या रमीच्या ॲपचं चिन्ह, आकड्यांच्या जागी बदाम-इस्पिक.

मी जेवायला घरी गेलो तर ते पत्र ताटाशेजारी ठेवलेलं. “हे काय?” हिनं विचारलं. मी वाचलं. परत वाचलं. पहिल्यांदा वाटलं, नावात नाव असेल. मग पत्ता बघितला. मागच्या बाजूचा, पिन कोडसकट, माझ्या आधारकार्डावर आहे तसाच, ‘मु. पो.’ पुढच्या चुकीच्या टिंबासकट. ते टिंब माझ्या रोजच्या ओळखीचं. मग टोनर आठवला. स्टूल आठवलं. पाठकोरा कागद आठवला. घास तसाच ताटात ठेवून मी उठलो.

माझी बायको मला म्हणाली, “तुम्ही खेळत नाही ना, एवढं मला सांगा.” वीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. तिचा तो विश्वास त्यानं माझ्याकडनं नेला, हे मी त्याला कधी माफ करणार नाही.

तडक त्याच्या घरी गेलो. डोक्यात एकच, वहिनींसमोर सगळं सांगायचं. खोकं बगलेत धरलेलं. तो घरी नव्हता. वहिनी भाजी निवडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

“भावजी, रागवू नगासा, एक बोलू? धाकल्या भनीवानी बोलते.”

“बोला.”

“मला कळलंय. तुमचा फोन आमच्या ह्यांच्याकडं घावला मला, धान्याच्या डब्यामागं. मी त्यास्नी लय बोलले, पन त्यांनी सांगितलं मला समदं. तुमचं नाव दाखवलं त्यात. तुमास्नी नाद लागलाय, वैनीस्नी कळू ने म्हनून तुमी तो ह्यांच्याजवळ ठेवायला दिलाय. खरं हाय न्हवं?”

मी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

“आमी कुनाला सांगनार न्हाई. पन भावजी, तुमी आमास्नी एवढं सावरलंसा आन् तुमीच? सोडा हो ते. ह्यांचं सुटलं, तुमचंबी सुटंल. मी तुमच्यासाठी शुक्रवार धरलेत.”

शुक्रवार धरलेत! माझ्यासाठी. ही बाई माझ्यासाठी उपास करत होती. बगलेतलं खोकं मी शालीसारखं आवळून धरलं. एवढ्यात तो दारात आला. मला बघितलं, खोकं बघितलं, आणि जागच्या जागी थांबला. आतल्या खोलीत पोरगी मोठ्यानं इतिहास पाठ करत होती.

एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. ती बॅग भरली गेली असती, पोरीची दहावी कवठ्याला नाहीतर कुठंच नाही. मी त्याच्यासाठी गप बसलो असं कुणी समजू नका. त्याच्या तर मुस्काटात द्यायला माझा हात शिवशिवत होता. पण वहिनींच्या तोंडावर ते जे होतं, आपला माणूस सुटला याचं सुख, त्यावर माझी जीभ उचलेना.

“होय वहिनी,” मी म्हटलं. “सोडतो.”

तो मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. मी चालत राहिलो. मागून म्हणाला, “गड्या, ऐक तरी. दुसऱ्या कुनाचं नाव घेतलं असतं तर ती चोरी झाली असती.”

मी वळलो. “आणि हे काय झालं?”

“तुझं-माझं काय येगळं हाय व्हय?” तो खरोखर रडत होता. त्याला ते खरंच तसं वाटत होतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मला जास्तच शिसारी आली. “फोन दे,” मी म्हटलं. त्यानं खिशातून काढून दिला, माझ्याकडं दिलेला जुना नव्हे, चोरून घेतलेला दुसराच. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बसून मी माझ्या नावाच्या खात्यावर कायमच्या बंदीचा अर्ज केला. आयुष्यात मी पत्ता हातात धरला नाही. इस्पिक कुठलं आणि किलवर कुठलं हे अजून मला दुसऱ्याला विचारावं लागतं. पण कार्ड माझं, तर बंदीही मलाच घ्यावी लागणार. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक म्हणून असेल, तासाभरात त्यांच्याकडून खात्री करायला फोन आला. मुलगी फार गोड बोलत होती.

“सर, कारण काय लिहू? वेळ जास्त जातो, घरच्यांची तक्रार आहे, की स्वतःवर ताबा राहत नाही?”

“तुम्हाला वाटेल ते लिहा.”

“नाही सर, तुमच्या तोंडून बोलावं लागतं. रेकॉर्ड होतं.”

समोर एक निवृत्त गुरुजी पेन्शनच्या कागदांची फाइल घेऊन उभे होते. मी आवाज खाली घेतला. “सर, आवाज येत नाही,” ती म्हणाली. शेवटी मोठ्यानंच म्हटलं, “रमी खेळताना माझा स्वतःवर ताबा राहत नाही. मला परत आत घेऊ नका.”

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मग काउंटरवरचे कागद एकेक करून फाइलमध्ये घातले. “उद्या येतो,” म्हणाले. ते आले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते मला पलीकडच्या दुकानात फॉर्म भरताना दिसले. हल्ली काही गिऱ्हाइकं ओटीपी सांगताना फोन छातीशी धरतात आणि आकडा स्वतः टाकतात. चांगलंच आहे, मीच शिकवलंय त्यांना. पण पूर्वी माझ्यासमोर असं करत नव्हते.

घरी हिला सगळं खरं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे तिच्या संसारासाठी माझा नवरा जुगारी ठरला.” दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तो दुकानात यायचा बंद झाला. मजकूर कुठून लिहून आणतो देव जाणे. रिक्षा आमच्या रस्त्यानं जाते, पण दुकान जवळ आलं की तो कर्णे बंद करतो आणि पुढच्या चौकात गेल्यावर परत सुरू करतो. त्यामुळं आमच्या आळीला पाणी कधी येणार नाही ते कळत नाही. शेजारी मला विचारतात, याचा आवाज इथंच का बसतो? मी म्हणतो, मशीन खराब असेल.

परत खेळतो की नाही, मला माहीत नाही. पुढं सरकारनंच असली ॲप बंद केली, म्हणजे आता सगळ्या देशाला बंदी. पोरगी दहावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली, अकरावीला कराडात जाते. पेढे वहिनी आमच्या घरी देऊन गेल्या. मी तेव्हा मुद्दाम दुकानातच थांबलो होतो.

परवा गुरुवारच्या बाजारात मात्र समोरासमोर गाठ पडली. वहिनी पुढं, तो मागं पिशव्या धरून. मला बघून तो मेथीच्या जुड्यांकडं वळला. वहिनी थेट माझ्याकडं आल्या.

“भावजी, सुटलं न्हवं?”

“सुटलं, वहिनी.”

“मला म्हाईत हुतं.” त्यांनी पिशवीतली दोन लिंबं काढून माझ्या हातावर ठेवली. मग मागं वळून नवऱ्याला हाक मारली. तो आला नाही. तेव्हा त्या जरा रागावूनच, पण प्रेमानं, त्याला म्हणाल्या,

“आवं, या की हिकडं, बोला त्यांच्यासंगं. एकदा नाद लागला हुता म्हनून मानसाला असं टाकू ने.”